करंडा खाली ठेवतच नाही ती!

अहो, ऐकलंत का? या, या, इकडं कुंपणापाशी या. जपून हं, तुराट्या टोचतील. आणि हळू बोला. आमच्या सासूबाई ओट्यावर शेंगा फोडत बसल्यात. एरवी दहा हाका मारल्या तर ऐकू येत नाही, पण कुंपणापाशी कुणी कुजबुजलं की...

असो. तर रुळापल्याडच्या दादांच्या लेकीची सोयरीक. मोडली होती ना? जुळली! हो हो, तेच स्थळ, वसमतकडचं हळदीवालं. काल सगळे येऊन चहा घेऊन गेले, साखरपुड्याची तारीखसुद्धा निघाली. तुम्ही अशा काय बघताय? मोडल्याचं बरं लगेच कळलं होतं तुम्हाला. कुणी सांगितलं होतं? ... नको, ते राहूच द्या.

कशावरून मोडली ते साऱ्या चुडाव्याला माहीत आहे. दादांच्या आजारावरून. तीन वर्षं झाली की आता त्याला. सोयाबीनच्या काढणीचे दिवस होते. एका दमात पोतं पाठीवर टाकणारा माणूस, अन् अर्ध्या भाकरीत पोट भरलं म्हणायला लागला. रात्री घामानं अंथरूण ओलं. डाव्या बरगडीखाली हात लावला तर दगडासारखं कडक. आमच्या सासूबाईंनी चाचपून सांगितलं, "पानथरी वाढली याची." बाकी कुणी म्हटलं कावीळ, कुणी म्हटलं करणी. एकीनं तर लिंबूसुद्धा उतरवलं. कोण ते विचारू नका, झालं गेलं.

नांदेडला रक्त तपासलं, तर त्या लॅबमधल्या पोरानं दोनदा मशीन लावलं म्हणे. चांगल्या माणसाच्या पांढऱ्या पेशी चार हजार ते अकरा हजार असतात ना? यांच्या निघाल्या एक लाख ऐंशी हजार! वहिनींनी घरी आल्यावर पिशवीतल्या मोसंब्या ओट्यावर मांडल्या, एकेक पुसली, परत पिशवीत भरल्या, परत बाहेर काढल्या. मी समोर बसलेली. काय बोलावं सुचेना. मग म्हणाल्या, "ब्लड कॅन्सर म्हणतेत." अन् मोसंबी पुसायला लागल्या.

तसेच देवगिरी एक्स्प्रेसनं मुंबईला. पूर्ण्याहून बसले, सोबत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. सकाळी दादर. तिथं गाडगेबाबांच्या मिशनची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट उतरतात तिथं. बाबांनी हातात खराटा घेऊन गावं झाडली आणि परगावच्या माणसाला डोकं टेकायला जागा करून ठेवली, पुण्याई म्हणतात ती हीच. तिथून परळला टाटा हॉस्पिटल. त्या हॉस्पिटलची गोष्ट तर तुम्हाला ठाऊकच असेल. सर दोराबजी टाटांच्या मेहेरबाई, त्यासुद्धा ब्लड कॅन्सरनंच गेल्या. केवढं ते घर! बाईंच्या गळ्यात ज्युबिली हिरा, २४५ कॅरेटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. १९२४ साली कारखान्यात पगाराला पैसे नव्हते तेव्हा तो हिरासुद्धा गहाण टाकला. आपण पाटल्या टाकतो तसा, मेली काय वेळ येते बघा मोठ्यांवर पण! पुढं बाई गेल्या, १९३२ साली दोराबजी गेले, हिरा विकला आणि पैसा त्यांच्या ट्रस्टात गेला. त्याच ट्रस्टानं २८ फेब्रुवारी १९४१ ला हे हॉस्पिटल उघडलं. त्या बाईला तेव्हा औषध नव्हतं. एवढा हिरा असून नव्हतं. आणि आमच्या चुडाव्याच्या दादांना...

हां, तर काय सांगत होते? गोळी! वहिनी बिचाऱ्या मनाची तयारी करून गेलेल्या. वीज देतील, केस जातील, महिनोन्‌महिने मुंबईत काढावे लागतील. अन् तिथं सांगितलं, आजाराचं नाव सीएमएल, क्रॉनिक मायलॉईड ल्युकेमिया. रोज एक गोळी, जेवणानंतर, मोठा ग्लासभर पाण्यासोबत. वहिनींनी परत विचारलं, "एकच?" एकच. इमॅटिनिब, चारशे मिलिग्रॅम.

दादांनी काय केलं माहितेय? गोळीची वेळ ठरवली रात्रीच्या पॅसेंजरवर. शिट्टी झाली की गोळी. पण आपली गाडी ती! एक दिवस वीस मिनिटं लेट, एक दिवस दीड तास. गाडी लेट की गोळी लेट. शेवटी लेकीनं मोबाईलला अलार्म लावून दिला. आता अलार्म वाजतो, दादा गोळी घेतात, आणि गाडी तिच्या मर्जीनं येते. डोळ्याखाली जरा सूज दिसते त्यांच्या, पायात गोळे येतात कधीमधी. पण माणूस शेतात जातो. मागच्या पोळ्याला बैलांपुढं नाचलेसुद्धा. पाहिलंत ना तुम्ही?

आता सोयरिकीचं ऐका. पोरगी नांदेडच्या विद्यापीठातून एम.एस्सी. झालेली, दिसायला नीटस, बोलायला... बोलायला जरा फटकळच, पण खोटं नाही. पहिल्यांदा बघायला आले तेव्हा सगळं छान चाललेलं. कांदेपोहे झाले, व्याही होऊ घातलेले दोघं हळदीच्या भावावर आले. तेवढ्यात मुलाच्या आत्याबाईंनी बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "तुमच्या खानदानात रक्ताचा रोग हाय म्हणं."

अहो, तो शब्द! वहिनींच्या हातातला ट्रे तिथंच थांबला. दादा उठून बाहेर गेले, गाईला पाणी पाजायचं निमित्त. गाईला तासाभरापूर्वीच पाजलेलं. मुलगा चपलांकडं बघत बसला. "कळवतो" म्हणून गेले, अन् आठ दिवसांनी "पत्रिका जुळत नाही" आलं. पत्रिका! आधी अठ्ठावीस गुण जुळलेले, ते आठ दिवसांत कुठं गेले?

पोरगी रडली नाही हो. तिनं सरळ मुलाला फोन केला. म्हणाली, "नकार द्यायचा तर खुशाल द्या, पण खोट्या कारणानं देऊ नका. घरच्यांना घेऊन एकदा या. बघायला नको, ऐकायला या." आणि काल आले की! मुलगा, वडील, आणि आत्याबाई मधोमध. मी कशाला गेले होते? मी विरजण आणायला गेले होते. विरजण घेतलं आणि दारात जरा टेकले, एवढंच.

पोरीनं देवघरातला कुंकवाचा करंडा आणला. आत्याबाईंना वाटलं ओटीबिटी भरती की काय, त्यांनी पदर सावरला. ती म्हणाली, "आत्या, कार्य निघालं की घरोघर आमंत्रण कसं जातं? एक बाई करंडा घेऊन फिरते. ज्या घरी कुंकू लावलं ते घर कामाला लागतं. हो ना?" हो म्हणाल्या. "तशीच आपल्या पेशीत एक आहे. एबीएल-वन नावाच्या जीनपासून होते ती. किनेज म्हणतात तिला, एन्झाईम. एटीपी हा तिचा करंडा. त्यातलं फॉस्फेट घ्यायचं आणि दुसऱ्या प्रथिनाला बोट लावायचं. लावलं की निरोप पोचला. वाढा, दुभागा, कामाला लागा. निरोप झाला की तिनं करंडा खाली ठेवायचा आणि गप्प बसायचं. असं असतं सगळं."

आत्याबाई म्हणाल्या, "आन ही जीन तुमच्या घरात हाय."

"आमच्या आहे, तुमच्या आहे, काकू दारात बसल्यात त्यांच्याही आहे," पोरगी म्हणाली. "नवव्या नंबरच्या गुणसूत्रावर. सगळ्या माणसांत असते. तिच्याशिवाय कुणाचं भागत नाही."

आत्याबाईंचं तोंड बघायला हवं होतं तुम्ही! त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं, जसं काही तिथं दिसणार आहे. आणि मी? मी विरजणाचं भांडं घट्ट धरलं.

मग म्हणाली, बाबांच्या हाडातल्या मगजात, जिथं रक्त तयार होतं तिथं, एका पेशीत, फक्त एका, नवव्या आणि बाविसाव्या गुणसूत्राचे तुकडे तुटले आणि अदलाबदल होऊन चिकटले. एबीएल जाऊन बसली बीसीआर नावाच्या शेजारणीला चिकटून. आणि ही शेजारीण कशी, तर जोड्या जमवणारी. दोन-दोन बायका समोरासमोर आणते आणि त्या एकमेकींनाच कुंकू लावत बसतात. कायम चालू! करंडा खाली ठेवतच नाही ती. कुणी निरोप दिला नाही, कार्य नाही, तरी घरोघर "वाढा, वाढा." त्या एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग एक लाख ऐंशी हजार.

मला तर बाई शहारा आला. संगतीचा परिणाम म्हणतात तो असा. जीन तीच, घर तेवढं बदललं.

हे शोधलं कुणी, तीही एक मजाच आहे. पोरीला सगळं पाठ. अमेरिकेत फिलाडेल्फियाला नॉवेल म्हणून एक डॉक्टर. त्यांनी म्हणे पेशी साध्या नळाच्या पाण्यानं धुतल्या. आपण भाजी धुतो तशा! त्यानं पेशी फुगल्या आणि आतली गुणसूत्रं सुटी सुटी झाली. मग हंगरफोर्ड म्हणून होते त्यांना एक भलतंच छोटं गुणसूत्र दिसलं. १९६० साल. गावाच्या नावानं त्याचं नाव फिलाडेल्फिया क्रोमोझोम. चुडाव्यात सापडलं असतं तर... जाऊ द्या.

पण ते छोटं का झालं, तुकडा गेला कुठं, हे कळलं एका बाईला! शिकागोच्या जॅनेट राऊली. चार पोरांची आई. पोरं लहान म्हणून अर्धवेळ नोकरी करायची. घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांचे फोटो कात्रीनं कापायची आणि जोड्या लावायची. पोरं हसायची, आईला कागदाच्या बाहुल्या खेळायचे पैसे मिळतात म्हणून. आणि त्याच टेबलावर तिला दिसलं, बाविसाव्याचा तुकडा हरवलेला नाही, तो नवव्यावर जाऊन बसलाय. १९७३ साली छापून आलं. ऐकून वहिनी म्हणाल्या, "आमच्या जेवायच्या जागेवर तर मेथीच निवडून होत नाही." सगळे हसले. तिथून हवा जरा सैल झाली बघा.

तर काय सांगत होते... हां, गोळी करते काय? पोरीनं सुपारी घेतली आणि आत्याबाईंच्या तळहाताच्या खळग्यात, करंडा बसतो तिथं, ठेवली. "आता उचला करंडा." आत्याबाईंनी हात पुढं केला, जमेना. "एवढंच करते गोळी. एटीपी जिथं बसतो तिथं स्वतः जाऊन बसते. हात भरलेला, मग कुंकू लावणार कशानं?" पोर्टलंडचे ड्रुकर म्हणून डॉक्टर या रेणूच्या मागं हात धुऊन लागलेले. औषध बनवणारी कंपनी आधी कां कूं करत होती, या आजाराचे पेशंटच थोडे, मग विकायचं कुणाला? १९९८ ला पहिल्या माणसाला दिली. पुरेशा डोसमध्ये ५४ जणांना दिली, त्यातल्या ५३ जणांचं रक्त ताळ्यावर आलं. २००१ च्या मे महिन्यात तिकडच्या सरकारनं मंजुरी दिली.

यावर मुलाचे वडील बोलले, पहिल्यांदाच. व्यापारी माणूस. "गोळीला महिन्याला किती लागतंत?"

हा प्रश्न खरा होता हो. एक काळ असा होता की नोव्हार्टिस या परदेशी कंपनीच्या ग्लिव्हेकला, म्हणजे याच गोळीला, महिन्याला लाख-सव्वा लाख लागायचे आणि आपल्याकडच्या कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. कोर्टकचेरी झाली ती तर पेपरात रोज असायची. नोव्हार्टिस एकीकडं, दुसरीकडं सिप्ला, आपल्या हैदराबादची नॅटको, आणि मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन. पेशंटांची संस्था थेट सुप्रीम कोर्टात! आपल्या पेटंट कायद्यात कलम तीन-ड आहे ना, त्यावर गाडी अडलेली. म्हणजे काय, तर जुन्याच लुगड्याला नवे काठ लावून नवं लुगडं म्हणून हक्क सांगायचा नाही. नव्या रूपानं गुण जास्त येतो हे दाखवा, मग बोला. १ एप्रिल २०१३ ला निकाल लागला. न्यायमूर्ती आफताब आलम आणि आपल्या मुंबई हायकोर्टातून गेलेल्या रंजना देसाई. कंपनी हरली. एप्रिल फूल वाटलं असेल त्यांना. पण एक बोललं पाहिजे, उगीच एकतर्फी नको. त्याच कंपनीची गोळी हजारो पेशंटांना फुकटही मिळत होती, मॅक्स फाउंडेशनमार्फत. तिथल्या विजी वेंकटेश बाई माहितेत ना? चहाला बोलवायचं आणि चहाच्या नावानं पेशंटांसाठी पैसे गोळा करायचे, 'चाय फॉर कॅन्सर'. आपण रोज चार वेळा चहा करतो, कुठं काय जमतंय...

तर वडिलांना उत्तर मिळालं. आता इथल्या गोळ्या मिळतात, झेपतात. खर्चापेक्षा जपायचं ते खाडा होऊ न देणं, आणि दर तीन महिन्यांनी रक्त तपासणं, त्या चिकटलेल्या जोडीचा माग किती उरलाय ते. पोरीनं लपवलं काही नाही. म्हणाली, सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. कधी कधी त्या किनेजचा आकारच बदलतो, सुपारी बसत नाही, मग दुसरी गोळी. पण नीट घेतली तर बहुतेकांचं आयुष्य बरोबरीच्या माणसांइतकं जातं.

आता आत्याबाई. त्यांनी इतका वेळ दाबून धरलेलं. हळूच विचारलं, "बाई, पन लेकराबाळांत?"

मला वाटलं आता पोरगी तडकणार. तडकली नाही. आत्याबाईंच्या शेजारी जाऊन बसली. "आत्या, बाबा जन्मले तेव्हा हे त्यांच्यात नव्हतं. पन्नाशीत झालं, रक्ताच्या एका पेशीत. मी त्याच्या कितीतरी आधी जन्मलेली. रक्ताच्या पेशीतून लेकरू होत नाही. बाबांना ते आजोबांकडून आलं नाही, माझ्यात उतरलं नाही, माझ्या लेकरांत उतरणार नाही. ताटात जेवल्यानंही होत नाही. का झालं विचाराल तर बहुतेकांत कारण सापडतच नाही. हिरोशिमा-नागासाकीच्या बॉम्बमधून वाचलेल्यांत जास्त दिसला हा आजार, एवढं माहीत आहे. शेतात एका झाडावर वीज पडली म्हणून बियाणं वाईट म्हणता का तुम्ही?"

कुणी काही बोललं नाही. दादा उंबऱ्यात उभे होते. या वेळी गाईकडं गेले नाहीत. आत्याबाईंनी त्या सुपारीकडं बघितलं, मग करंडा उचलला, बोट बुडवलं आणि पोरीच्या कपाळाला लावलं. "आमास्नी कुनी असं सांगितलंच न्हाई. आमाला सांगितलं, खानदानात हाय."

आणि मग... अहो, मग सगळ्यांनी एकदम दाराकडं का बघावं? दारात मी. विरजण हातात.

बरं, सांगते. तुमच्यापासून काय लपवायचं. पूर्ण्याच्या बाजारात बांगड्या भरताना त्यांच्या गावची एक भेटली होती. मी देवाशप्पथ एवढंच म्हटलं, "त्यांच्या रक्तात काहीतरी निघालंय हो." माझा शब्द 'रक्त'. 'खानदान' माझं नव्हे. तिनं पुढं कुणाला सांगितलं, त्यानं आणखी कुणाला, आणि कुठंतरी वाटेत माझ्या 'रक्ताला' ते 'खानदान' येऊन चिकटलं. आणि मग ते थांबेचना, घरोघर.

रात्री जेवण गेलं नाही मला. सासूबाईंनी बघितलं, बोलल्या नाहीत. ते लिंबूसुद्धा मीच उतरवलेलं, त्यांना माहीत आहे.

आणि आज सकाळी, भांडी घासतेय, तर पोरगी दारात. हातात तोच करंडा. मी म्हटलं आता हिशेब चुकता होतो. तिनं कुंकू लावलं, अक्षता दिल्या आणि म्हणाली, "काकू, पहिलं आमंत्रण तुम्हाला. तुम्हाला सांगितलं की गावात वेगळं फिरायला नको." हसत म्हणाली की टोचून, अजून ठरवतेय मी. मान वर करवेना, राखेचा हात तसाच.

म्हणून म्हटलं, तुम्हाला आधी सांगावं. थांबा, करंडा आणलाय मी पदराखाली. कपाळ पुढं करा बरं, कुंपणावरून पुरतो हात. हं. आता असं करा, तुम्ही पलीकडच्या गल्लीत जाणारच आहात. चार घरी सांगा, सोयरीक जुळली, आणि दादांचा आजार दादांपुरता आहे, खानदानाचा नाही. एवढंच सांगा हो. पदरचं काही घालू नका.